मायणी-येरळवाडी : पाणपक्ष्यांचा फक्त चेहरा टिपायचाय, डोळा धारदार येत नाही

माणदेशी_लेन्स

नमस्कार मंडळी. विट्यात राहतो, त्यामुळे मायणी आणि येरळवाडी दोन्ही तलाव पहाटे गाठता येतात. उडत्या थव्यांचे फोटो बरे येतात. आता पोर्ट्रेट करायचेत: डोकं, चोच, मानेचा थोडा भाग, बस्स. डोक्यात आहेत ते चित्रबलाक, चमचा, वारकरी, टिबुकली आणि जमलं तर शेकाट्या.

सामान : क्रॉप (छोट्या) सेन्सरचा २४ मेगापिक्सेल कॅमेरा, १५०-६०० झूम, साधा ट्रायपॉड. सध्या बांधावर उभं राहून २५-३० मीटरवरून काढतो. ६०० वर, एफ ६.३, १/५००, आयएसओ ऑटो.

अडचणी अशा :
डोळा क्रॉप केल्यावर मऊ दिसतो. मागे पाण्याच्या लाटांच्या रेघाच रेघा येतात. नऊनंतर सगळं वाफेतून पाहिल्यासारखं दिसतं. चमच्याची पाठ पांढरीफटक होते, पिसांचा एक पदर दिसत नाही.

लेन्सची पोच वाढवणारा १.४ चा कन्व्हर्टर घ्यावा का? आणि मायणीला काठ उंच आहे, त्यापेक्षा भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णेच्या वाळूत झोपून काढले तर पाण्याच्या पातळीला येता येईल असं वाटतंय. कुणी सांगेल का?

---

कृष्णाकाठ_सांगली

बाकी उत्तरं येतील तेव्हा येतील, आधी शेवटच्या प्रश्नाचं घ्या. कृष्णेच्या काठावर झोपू नका. भिलवडी, औदुंबर, तिथून खाली सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात मगरी आहेत, आणि थंडीत त्या नेमक्या त्याच मऊ उतारावर उन्हाला येतात जो तुम्हाला फोटोसाठी सोयीचा वाटतोय. पाण्याच्या कडेला आडवा पडलेला, एका डोळ्याने व्ह्यूफाइंडरमध्ये बघणारा माणूस समोरचं पाणी बघतच नसतो. मगर काठापासून हातभर अंतरावर पाण्याखाली असली तरी वर काही कळत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला त्या काठावरच्या मातीत अंडी घालतात आणि मादी तिथून हलत नाही.

नदीवर काढायचंच असेल तर घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरून, पुलावरून किंवा गाडीतून काढा. घाटावरच्या पक्ष्यांना माणसांची सवय असते. वाईच्या घाटावर ढोकरी आणि धोबी सात-आठ मीटरवर बसू देतात, सरावाला ते उत्तम. झोपून काढायचं काम तलावावर करा. तिथेही नवीन जागा असेल तर आधी मासे धरणाऱ्या माणसांना विचारा, पाण्यात काय आहे ते त्यांना नेमकं माहीत असतं.

---

येरळाकाठ

वरचं शब्दन् शब्द खरं आहे. आता तुमच्या फोटोंकडे.

कन्व्हर्टर घेऊ नका. ६०० चं ८४० होईल, पण एफ ६.३ चं जवळपास एफ ९ होईल. एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड गेला, फोकस मंदावला, आणि अंतर आहे तेवढंच राहिलं. तुमच्या चारपैकी तीन अडचणींचं मूळ अंतरात आणि उंचीत आहे.

आधी अंतर. क्रॉप सेन्सरवर ६०० मिमीला २५ मीटरवर फ्रेमची रुंदी साधारण ९८ सेंमी भरते. तुम्हाला हवाय २५ सेंमीचा चेहरा. म्हणजे रुंदीचा चौथा हिस्सा, उंचीचाही चौथा. २४ मेगापिक्सेलमधले उरले दीड. दीड मेगापिक्सेलमध्ये डोळा मऊच दिसणार, लेन्स कितीही भारी असो. तीच लेन्स १० मीटरवर ३९ बाय २६ सेंमी दाखवते, ६ मीटरवर साडेतेवीस बाय साडेपंधरा. त्यामुळे पक्षी बघून अंतर ठरवा : चित्रबलाकाला १५ मीटर पुरतात (त्याची चोचच वीतभर असते, जवळ गेलात तर कापली जाईल), वारकऱ्याला ८ ते १०, टिबुकलीला ६. तुमची झूम तीन मीटरच्या आतही फोकस करते, तेव्हा लेन्सची अडचण नाही. प्रश्न फक्त पक्षी येऊ देतो का, एवढाच.

आता उंची. वारकरी पोहत असताना त्याचा डोळा पाण्यापासून साधारण १० सेंमी वर असतो. तुम्ही १० मीटरवर उभे आहात आणि लेन्स दीड मीटरवर आहे असं धरा. डोळ्यातून जाणारी तुमची नजर त्याच्या मागे अवघ्या ७० सेंमीवर पाण्याला टेकते. बांधावरून तर ती अर्ध्या मीटरवरच टेकते. तेवढ्याशा अंतरावरचं पाणी पुरेसं धूसर होत नाही, म्हणून रेघा दिसतात. तीच लेन्स जमिनीपासून २५ सेंमीवर आणा. नजर आता पक्ष्याच्या मागे पावणेसात मीटरवर टेकते आणि पाण्याचा एकसंध रंग होतो. आणखी खाली गेलात तर मागे पलीकडचा काठ येतो, सकाळच्या उन्हात तो पिवळसर-तपकिरी असतो. पक्षी तुमच्याकडे बघतोय असं वाटणारे फोटो आठवा, ते सगळे याच उंचीवरून काढलेले असतात.

एवढ्या जवळ पक्ष्याच्या मागे जाऊन पोचता येत नाही. आधी जाऊन बसायचं आणि तो येईपर्यंत थांबायचं.

आदल्या दिवशी संध्याकाळी दुर्बीण घेऊन या आणि लांबून बघा : कुठल्या कोपऱ्यात चिखल ताजा उघडा पडलाय, पावलांचे ठसे आणि विष्ठा कुठे जास्त आहे, मासेमारीची जाळी कुठे लावलीत. पाणी जानेवारीपासून मागे हटत जातं आणि पक्षी त्या ओल्या कडेच्या मागे मागे सरकतात, म्हणून मागच्या महिन्यातली जागा या महिन्यात चालत नाही. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या थोडा नंतर उगवतो. सव्वासहाला तुम्ही जागेवर आडवे आणि झाकलेले असायला हवेत. अंधारात जे पक्षी हटतात ते उजेड झाल्यावर परत येतात. उजेडात उठवलेले त्या सकाळी बहुधा येत नाहीत.

बसायचं पूर्वेच्या काठाला, तोंड पश्चिमेकडे. ऊन पाठीमागून येईल, तुमची सावली पक्ष्याच्या दिशेने पडेल आणि त्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका येईल. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही, ते वाऱ्याचं. हिवाळ्यात इकडे वारा बहुतेक पूर्व-ईशान्येकडून असतो. पाणपक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, पिसं विस्कटू नयेत म्हणून. वारा तुमच्या पाठीमागून आला की आपोआप चेहरे तुमच्याकडे. संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर ऊन चांगलं मिळतं, पण वारा समोरून येतो, म्हणून पाठमोरे पक्षीच जास्त मिळतात.

गाळाचं एक ध्यानात ठेवा. येरळवाडीला पाणी उतरल्यावर वरचा थर वाळून तडकतो आणि खाली लोण्यासारखा गाळ असतो. हातात काठी ठेवा. वीतभरापेक्षा खोल सहज गेली की तिथून मागे. आणि पाण्यात उतरू नका. तरंगतं लपण (आत दडून फोटो काढायचा आडोसा) वगैरे परदेशी व्हिडिओत दिसतं, पण आपल्या तलावांत जलपर्णी, जाळ्यांच्या तुटक्या दोऱ्या आणि गाळ, तिन्ही आहे.

मायणीचा परिसर २०२१ मध्ये संवर्धन राखीव झाला आहे. काठावर लपण लावण्याआधी वनखात्याला विचारा.

---

शेकाट्या

येरळाकाठ यांनी अंतर-उंची सांगितली, मी कॅमेऱ्याचं सांगतो.

जवळ गेलात की एफ ६.३ पुरणार नाही. क्रॉप सेन्सरवर ६०० मिमी, १० मीटर, एफ ८ : फोकसमधला पट्टा जेमतेम ९ सेंमी. ६ मीटरवर ३ सेंमी. टिबुकलीचा डोळा धारदार आणि चोचीचं टोक गेलं, असं होण्याचं कारण हेच. एफ ११ करून थोडंसंच मिळतं आणि शटर जातो. त्यापेक्षा डोक्याचा कोन बघा. पक्षी पूर्ण आडवा, म्हणजे तुमच्याकडे बाजू करून असला की डोळा आणि चोच एकाच प्रतलात येतात, चित्रबलाकाची वीतभर चोचही मुळापासून टोकापर्यंत धारदार येते. तिथून डोकं तुमच्याकडे अगदी किंचित, पाच-दहा अंश वळलं की चेहऱ्यात जीव येतो आणि धारही राहते. त्या क्षणी बटण दाबा. चोच सरळ लेन्सवर रोखलेली असेल तर फोकस डोळ्यावर ठेवा आणि टोक जाऊ द्या. टोक धारदार आणि डोळा मऊ असलेला फोटो कधीच उभा राहत नाही.

फोकस : कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तरी तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. चित्रबलाकाच्या उघड्या केशरी कातडीवर आणि चमच्याच्या चोचीवरच्या वळ्यांवर ती फसते. एकच छोटा फोकस बिंदू, सतत फोकस, आणि फोकस शटरऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर. वारकऱ्याचा डोळा काळ्या डोक्यात लाल असतो, सावलीत फोकस त्याऐवजी कपाळावरच्या पांढऱ्या ढालीला जाऊन धरतो. बिंदू डोळ्याच्या खालच्या कडेवर ठेवलात तर बरं.

शटर : स्थिर उभा राखी बगळा टेकूवर १/३२० लाही येतो. पोहणारा पक्षी लाटेवर वरखाली होत असतो, तिथे १/१००० च्या खाली जाऊ नका. टिबुकलीला १/१६००. चोचीवरून ओघळणारा थेंब गोठवायचा तर १/२०००. तीन-चार फोटोंच्या छोट्या मालिका घ्या, कारण पक्ष्यांना तिसरी पापणी असते. डोकं झटकताना, चोच पाण्यात घालताना ती डोळ्यावर सरकते आणि डोळा दुधी दिसतो. मॉनिटरवर बघितल्याशिवाय कळत नाही.

आता पांढरा चमचा. पक्षी फ्रेममध्ये छोटा आणि मागे गडद पाणी असलं की कॅमेरा पाणी मोजतो आणि चमच्याला जाळतो, म्हणजे पांढराफटक करतो. मॅन्युअलवर जा. लख्ख उन्हात आयएसओ ४०० आणि एफ ८ ला पांढऱ्या पक्ष्यासाठी १/२५०० च्या आसपास. सकाळच्या कोवळ्या उन्हात तेच १/५०० ते १/८०० पर्यंत उतरतं. एक फोटो काढा, कॅमेऱ्यातला जळलेला भाग दाखवणारा झगमगणारा इशारा लावून ठेवा, पाठीवर झगमगाट दिसला की एक-तृतीयांशाने कमी करा, तो थांबेपर्यंत. उजेड तोच असेल तर मग बगळा आला, शेकाट्या आला, आकडे बदलू नका. उलट वारकरी आणि पाणकावळा काळे, तिथे दोन-तृतीयांश स्टॉप वाढवला तर पिसांचा पदर दिसतो. मात्र वारकऱ्याच्या बाबतीत मोजमाप त्या पांढऱ्या चोचीचंच घ्या, ती जळली की परत येत नाही. चित्रबलाकाच्या पाठीमागची गुलाबी पिसं उन्हात लाल रंगापुरती जळतात आणि साध्या आलेखात (हिस्टोग्राममध्ये) ते दिसत नाही. तिन्ही रंगांचे वेगळे आलेख लावा.

पोलरायझर नको, दीड स्टॉप खातो.

---

माणदेशी_लेन्स

खूप उलगडलं, सगळ्यांचे आभार. नदीचा बेत रद्द.

आता तीन शंका. माझा ट्रायपॉड सगळ्यात खाली ४० सेंमीपर्यंतच येतो आणि पाय चिखलात रुततात. अंगावर काय घ्यावं, शेतातलं हिरवं शेडनेट चालेल का? आणि पक्षी समोर ६ मीटरवर आला तर त्याला त्रास होतोय की नाही हे कसं ओळखायचं?

---

तीन_सुती

टेकूला प्लॅस्टिकचं घमेलं घ्या. गवंडी वापरतात तेच, तळ सपाट असलेलं. मध्यभागी भोक पाडून खालून तीन सुती बोल्ट घाला, दोन्ही बाजूंना रुंद वायसर, वरून नट कसा, वर उरलेल्या आट्यांवर बॉल हेड फिरवून बसवा. हार्डवेअरच्या दुकानात मागताना मिलिमीटरमध्ये मागू नका, सुतातच मागा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). ट्रायपॉडच्या मोठ्या स्क्रूची जाडी तीन सूत आणि इंचाला १६ आटे, जुन्या इंची बोल्टचेही तेवढेच. दहा मिमीचा बोल्ट दिसायला सारखा असतो, पण दोन आट्यांत अडकतो आणि जोर लावला तर हेडचे आटे जातात. नटाच्या वर बोल्ट एक सेंटिमीटरच राहू द्या. जास्त राहिला तर हेडच्या तळाला आतून टेकतो आणि हेड डुगडुगतं.

लेन्स जमिनीपासून २०-२५ सेंमीवर येते, येरळाकाठ म्हणाले तेवढीच. घमेलं चिखलावर नावेसारखं सरकतं, रुतत नाही, आणि कड वर असल्यामुळे लेन्सचं पोट ओलं होत नाही. वाऱ्याने हलू नये म्हणून आत दोन मुठी माती टाका. वर लेन्सचा पट्टा (लेन्स हेडला जोडणारी कॉलर) थोडा सैल ठेवा, पक्षी सरकला की आडव्याची उभी फ्रेम करता आली पाहिजे.

घमेलं नको असेल तर उशीचा जाड अभ्रा, त्यात दोन किलो शाळू. पण शाळू आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग अभ्र्यात घाला. ओला झाला की दोन दिवसांत कोंब येतात आणि आंबूस वास सुटतो.

हिरवं शेडनेट नको. जानेवारीत काठ सगळा पिवळा-तपकिरी, त्यात ते हिरवं लांबून उठून दिसतं. शिवाय वाऱ्यावर फडफडतं, आणि पक्षी रंगापेक्षा हालचालीला जास्त बिचकतात. धान्याचं जुनं बारदान उसवून तीन-चार पोती एकत्र शिवा, अडीच मीटर बाय दीड मीटर. कडेला दर हातभर अंतरावर सुतळीची फास, त्यात खुंट्या. ओलं बारदान जड होतं आणि फडफडत नाही, हा त्याचा गुणच आहे. समोर लेन्सच्या जाडीएवढीच फट ठेवा. हात आणि तोंड नक्की झाका, उघडी चकाकणारी कातडी आणि घड्याळाची काच सगळ्यात आधी दिसते. खाली पोटाशी युरियाचं रिकामं पोतं, ओल वर येत नाही.

---

येरळाकाठ

त्रासाचं ओळखणं सोपं आहे, फक्त फोटोच्या नादात ते बघायचं राहून जातं.

निवांत पक्षी खातो, पिसं साफ करतो, एका पायावर उभा राहतो, डोळा मिटतो. त्याने खाणं थांबवलं आणि मान ताठ केली, ही पहिली खूण. शटरचा हात तिथेच थांबवा, लेन्स हलवू नका, बहुतेक वेळा मिनिटाभरात तो परत चरायला लागतो. दुसरी खूण म्हणजे तो तुमच्याकडे पाठ करून चालू लागतो, किंवा शेकाट्या डोकं वरखाली झटकत ओरडू लागतो. याचा अर्थ तुमच्यामुळे त्याचं पोट भरायचं थांबलंय. डोकं खाली घाला आणि दहा मिनिटं काहीही करू नका. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल, लोळून पंख ओढत चालत असेल तर अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत. तिथून लगेच, आल्या वाटेने निघा. घरट्यावरचा फोटो काढूच नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये पक्ष्यांची अंडी किंवा घरटं विचलित करणं हे शिकारीच्या व्याख्येतच धरलंय.

मक्याचे दाणे, पाव, मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज, यातलं काही नको. रोहित आले तर त्यांच्या चेहऱ्याच्या मागे लागू नका. ते उथळ पाण्याच्या मध्यावर चरतात, काठावरून १५ मीटर मिळतच नाहीत, आणि एक उठला की सगळा थवा उठतो. त्यांचे थव्याचेच फोटो चांगले.

निघतानाही नीट निघा. समोर पक्षी असताना बारदान फेकून उभे राहिलात तर सकाळभर मिळवलेला विश्वास एका सेकंदात जातो, उद्या तिथे बसणाऱ्यालाही पक्षी मिळत नाहीत. ते सरकेपर्यंत थांबा, किंवा मेंढरं-म्हसरं काठावर येतात ती वेळ साधा. धनगराच्या कळपाने पक्षी आपसूक थोडे बाजूला होतात, घाबरून उडत नाहीत. त्या गडबडीत रांगत मागे या.

---

शेकाट्या

नऊनंतरच्या वाफेचं राहिलं. ती लेन्सची चूक नाही. रात्री गार पडलेला चिखल उन्हाने तापतो, वरची हवा हलू लागते, आणि जमिनीलगत ती सगळ्यात जास्त हलते. म्हणजे झोपून काढणाऱ्याला त्रास उभ्या माणसापेक्षा जास्त. फोकस, शटर, काहीही बदलून ती जात नाही, अंतर कमी असेल तरच कमी दिसते. तपासायचं असेल तर स्थिर दगडाचे दहा फोटो घ्या. दोन धारदार आणि आठ मऊ आले तर हवा हलतेय, आवरा. ढगाळ दिवशी मात्र अकरापर्यंत काम करता येतं, फक्त आयएसओ १६०० आणि १/८०० धरून चाला.

हूडचं (लेन्सच्या पुढच्या काचेभोवतीच्या नळीचं) एक. पहाटे दव पडतं तेव्हा हूड लावलेलाच ठेवा, नाहीतर पुढच्या काचेवर थेंब जमतात आणि लपणातून हात बाहेर काढून पुसता येत नाही. आठ-साडेआठला ऊन हूडवर पडायला लागलं की तो काढून टाका. लांब काळ्या हूडच्या आत गरम हवा साठते आणि तुमच्या स्वतःच्याच लेन्ससमोर वाफ तयार होते. गाडीतून काढत असाल तर इंजिन बंद आणि चारही काचा निदान वीस मिनिटं आधी खाली, कारण तेच.

---

माणदेशी_लेन्स

बोल्ट मिळाला, तीन सुतीच मागितला. घमेल्याच्या तळाला उंचवटा आहे, त्यावर वायसर सपाट बसत नाही. रबराचा तुकडा घालू का?

---

तीन_सुती

रबर नको, दाबलं की परत फुगतं आणि हेड डुलतं. सुताराकडून बारा मिमी प्लायवूडचा वीतभर चौकोन आणा, घमेल्याच्या आत ठेवा, बोल्ट दोन्हींतून एकत्र घाला आणि प्लायच्या खाली जो पोकळ भाग राहील तो एमसील भरून रात्रभर वाळू द्या. बोल्टचं डोकं खालून बाहेर येतं, त्यावरही थोडं एमसील थापून गोलसर करा, म्हणजे सरकवताना गवतात अडकणार नाही.